मंदाबाईंच्या हातचं चाक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी मंदाबाईंच्या दुकानाला सायकल टेकवली की त्या आधी चाकाकडे बघत नसत, माणसाकडे बघत. मग विचारत, "बसते कोन, न् बांधते काय?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय पान्ह्याला हात लागत नसे. गिऱ्हाईक घाईत असो नाहीतर गावचा पुढारी असो, आधी उत्तर.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यापुढे जंगलाकडच्या गावातला एक म्हातारा उभा होता. कॅरियरला मोहफुलांचं पोतं बांधतो, म्हणाला. "पोतं कोनत्या बाजूनं कलते?" बाईंनी विचारलं. त्याने डावा हात हलवून दाखवला. बाईंनी चाक टांगलं, एकेक तार बोटांनी दाबून पाहिली आणि आऊट काढला, म्हणजे लडबडणारं चाक सरळ केलं. तो निघाला तेव्हा बजावलं, "मोह सरला का पुन्हा ये. धान बांधशीन तं तारा पुन्हा कसाव्या लागतीन." सायकलच्या तारा हंगामाप्रमाणे कसायच्या असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुकान त्यांच्या नवऱ्याचं. तो होता तेव्हा बाई मागे बसून नुसत्या चाकांत तारा ओवत. तो गेल्यावर पुढे येऊन बसल्या, आणि दोन वर्षांपूर्वी जाईपर्यंत तिथेच बसल्या. आता त्या जागेत मोबाईलची कव्हरं मिळतात. मला तिथून जाताना अजून चुकल्यासारखं होतं.

मी तिथल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, पण पुढचं वाचताना हे लक्षात न ठेवाल तर बरं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला सायकलिंगचं वेड लागलं. आमच्या भागातली हौशी मंडळी दर हिवाळ्यात चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली असं पुढे जाऊन परत येतात. दोनशे किलोमीटर, ठरलेल्या वेळेत. पहिल्या वर्षी मी वीस मिनिटं उशिरा पोचलो, दुसऱ्या वर्षी अकरा. दोष पायांना देणं जिवावर आलं, म्हणून मी तो चाकांना दिला आणि कार्बनच्या तारांची नवी चाकं मागवली.

मागच्या चाकाला जरासा आऊट होता. ते निमित्त करून मी मिरवायलाच बाईंकडे गेलो. त्यांनी चाक दोन्ही हातांनी तोललं. "हलकं आहे सर. खोटं काऊन बोलू? जुन्यापेक्षा किती कमी भरते?"

"तारांचंच म्हणाल तर आठ-दहा तोळे."

"बाप्पा! तेवढं तं तुमी सकाळी पोह्यात खाऊन येता!" आणि लगेच ठरलेला प्रश्न, "न् बांधता काय?"

मी काहीच बांधत नाही, म्हणालो. बाईंनी माझ्या पाठीवरची पिशवी उतरवली आणि शेजारच्या राईस मिलच्या काट्यावर नेऊन ठेवली. दोन ट्यूब, पंप, रेनकोट, पॉवर बँक, बायकोने दिलेले लाडू. पिशवी दोन्ही चाकांपेक्षा जड भरली. मिलमधले हमाल पोट धरून हसले.

मग बाईंनी आऊट काढला. शेवटी, त्यांच्या रीतीप्रमाणे, चाक जमिनीवर आडवं टाकून दोन्ही तळव्यांनी रिंग दाबली. "तारा बसल्या पाह्यजे," असं त्या प्रत्येक चाकाला म्हणत. टक् असा आवाज आला. एक तार टोकाशी तडकली होती.

बाईंचा चेहरा उतरला. "माह्या हातानं चाक मोडलं," एवढंच म्हणाल्या. मी दोन गोड शब्द बोलायला हवे होते. त्याऐवजी चाक उचललं आणि तोंड फुगवून घरी आलो.

घरी खोक्यातला कागद काढला. त्यावर चित्र होतं: आडवं चाक, त्यावर दोन तळवे आणि वर मोठी लाल फुली. तो कागद चाकं आली त्याच दिवशी माझ्या हातात आला होता. कंटाळा केला आणि बाजूला ठेवला. आता तो पुन्हा खोक्यात टाकला असता तर दोष बाईंच्याच नावावर राहिला असता, आणि कोणाला कळलंही नसतं. खरं सांगतो, तसा विचार मनात येऊन गेला.

सकाळी कॉलेजआधी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"हा तुमच्यापाशीच होता?"

"हो. माझंच चुकलं, बाई."

"मंग माह्यंबी चुकलं. मानसाले इचारलं बांधते काय, तारेले नाई इचारलं का तुले दाबलेलं चालते का नाई!" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मी ओशाळायचंही विसरलो. नशिबाने चाकाच्या मधल्या हबला साध्या ताराही चालत होत्या. बाईंनी सगळ्या कार्बनच्या काढून स्टीलच्या ओवल्या. "रविवारी दोनशे किलोमीटर जा याच्यावर. आऊट आला तं दुकान बंद करीन," म्हणाल्या. त्या हसून बोलल्या, पण एकेक तार पुन्हा दोनदोनदा दाबून पाहत होत्या. मोडलेलं चाक त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं.

कार्बनच्या तारा घ्याव्या का, असं मला अजून लोक विचारतात. घ्या, हौस असेल तर जरूर घ्या. चाक चटकन उचल खातं. फक्त सावलीच्या अलीकडे एखादी तुटली, तर तशी तार मूलमध्ये मिळत नाही, आणि आता मंदाबाईही नाहीत.

त्या रविवारी सावलीजवळ रस्ता खोदलेला होता. गिट्टीवरून चाक दणादणा आपटत होतं. परतताना मूलला बाई दुकानासमोर उभ्याच होत्या. "आना ते ओझं इकडं!" त्यांनी पिशवी काढून घेतली, एक ट्यूब, पंप आणि एक लाडू माझ्या खिशात कोंबला आणि मला हाकललं. चंद्रपूरला पोचलो तेव्हा नऊ मिनिटं शिल्लक होती. धापा टाकतच फोन लावला.

"बाई, पोचलो! वेळेत!"

"ते राहू द्या. चाक सांगा."

मी सायकल उचलून मागचं चाक फिरवलं. ब्रेकच्या रबरांना कुठेही न शिवता ते फिरत राहिलं. "सरळ आहे, बाई."

मग फोन तोंडापासून लांब धरून बाई मिलमधल्या हमालांना ओरडून सांगायला लागल्या, "सरळ हाये म्हनते! दोनशे किलोमीटर जाऊन सरळ हाये!"