उजव्या पायाची वहाण

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सगळा गाव त्यांना नंजय्या म्हणतो, मग मी तरी किती वेळ 'आमचे हे, आमचे हे' करत बसू? आमच्या घराकडे देवाच्या उजव्या पायाची वहाण करायचा मान. डाव्या पायाची डोंगरापलीकडच्या पुट्टमादाच्या घरी. किती पिढ्यांचं आहे हे, कोणालाच ठाऊक नाही. डोंगरावरचा आमचा देव रंगप्पा रानात फिरतो, वहाणा झिजतात, दर दोन वर्षांनी नवा जोड लागतो. माप तो स्वतःच देतो, स्वप्नात. कारागिराने महिनाभर मटण सोडायचं, दारू सोडायची, बायकोपासून लांब ओसरीवर निजायचं, मग कधीतरी पाऊल दिसतं. त्या मापाची, चांगली हातभर लांब वहाण कापायची. दोन गावं, दोन माणसं, एकमेकांना काही विचारायचं नाही, आणि तरी जोड तंतोतंत जुळतो. नाही जुळला तर ज्याची चूक त्याच्या घराचा मान गेला.

आता खरं सांगते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी ताक घेऊन पडवीत गेले, तर हे काय करत होते? देवळातून परत आलेली जुनी वहाण नव्या कातड्यावर ठेवून कोळशाने कड आखत होते. मला बघून हातातला कोळसाच गळाला.

"पाऊल नाही दिसलं?" मी विचारलं.

"दिसेल. पण जत्रा आठवड्यावर आली, थांबू किती?"

मी गप्प बसले. पुढची चाळीस वर्षं गप्पच बसले. पण माणूस तसा लबाड नाही हो. त्या महिन्यात लोक येऊन यांच्या पाया पडायचे, आणि हे पाय असे आत ओढून घ्यायचे जसे चुलीजवळ गेलेत. जत्रेतून घरी आलं की मला विचारणार, "केंपी, पुट्टमादाला दिसत असेल ना गं? त्याचा चेहरा बघ किती शांत." मी म्हणायची, त्याचा चेहरा म्हशीसारखा आहे, म्हैस शांतच दिसते. तेवढ्यापुरते हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यंदा मात्र एका सकाळी ओसरीवरून उठून सरळ चुलीपाशी आले. चेहरा पांढरा पडलेला.

"केंपी, दिसलं."

"काय दिसलं?"

"पाऊल. खरंच दिसलं."

"मग आजवर गावाला काय सांगत होता, हुलग्याचं सार दिसलं म्हणून?"

हसले नाहीत. म्हणाले, पाऊल लहान होतं, माणसाएवढं. टाच भेगाळलेली. यांनी स्वप्नातच वाकून वितीने माप घेतलं, एक वीत आणि दोन बोटं. मी म्हटलं, अहो, वेड लागलंय का? हातभर पावलाच्या देवाला वीतभर वहाण घालणार? पुट्टमादाची मोठी येईल, तुमची छोटी, सगळ्या जत्रेसमोर शोभा होईल. तर म्हणाले, "चाळीस वर्षं दिसलं नाही तेव्हा खोटं कापलं. आता दिसलंय तेव्हाही खोटं कापू?" आणि यांनी कातडं कापायची रापी उचलून वीतभरच कापली.

जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही पुट्टमादाच्या घरी गेलो. जोड पहिल्यांदा शेजारी ठेवतात तो तिथेच. त्याने आपली काढली, ती हातभर. यांनी फडकं सोडलं. पुट्टमादा वाकला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा वाकला.

"नंजय्या, ही कोणाच्या पोराची?"

"देवाची."

"डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या दोघांनाही हाकलतील."

तेव्हा यांनी सगळं सांगून टाकलं. जुनी वहाण, कोळसा, चाळीस वर्षांचं खोटं, आणि यंदाचं खरं. मला वाटलं, आता हा म्हातारा रापी घेऊन अंगावर येतो. पुट्टमादा भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "मला वाटायचं तुला दिसतं. मी पापी, म्हणून मला दिसत नाही. दारू सोडली, कोंबडी सोडली, एकदा बायकोशी दोन महिने बोललो नाही. काही नाही. जुनीच ठेवून कापत आलो."

मला हसावं की रडावं कळेना. दोन म्हातारे, चाळीस वर्षं, एकमेकांना घाबरून.

यांची लहान वहाण तर मोठी होणार नव्हती. पुट्टमादाने आपली उचलली, यांच्या वहाणेवर उलटी धरली, आणि कापायला घेतली. "निदान एकाला तरी दिसलं," एवढंच म्हणाला. दुपारपर्यंत पट्टे पुन्हा शिवून झाले.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढलो. देवळातल्या पुजाऱ्यांनी, अर्चकांनी, जोड बघून कपाळाला आठ्या घातल्या. "यंदा देव आटला की काय?" पुट्टमादा म्हणाला, "स्वामी, माप तो आम्हाला दाखवतो, तुम्हाला नाही." अर्चकांनी दोन्ही तळ एकमेकांना लावून पाहिले. जोड जुळत होता. पूजा झाली, आणि मग नेहमीप्रमाणे त्याच वहाणा एकेकाच्या डोक्यावर टेकवू लागले. पुट्टमादाच्या डोक्यावर टेकवली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. यांची पाळी आली, तर हे मान खाली घालून हुंदके द्यायला लागले. लोक म्हणाले, भक्ती बघा.

मी त्यांना हाताला धरून मागच्या दगडी पायऱ्यांवर नेलं. "आता काय झालं? मान राहिला ना?"

"केंपी, त्या पावलाला करंगळी नव्हती."

उजव्या पायाची करंगळी माझ्या मामंजींना, यांच्या वडिलांना, नव्हती, कातडं कमावताना गेलेली. जन्मभर देवाच्या वहाणा केल्या त्या माणसाने, पण स्वतःच्या पायात कधी घातली नाही. आमच्या लोकांनी वरच्या आळीतून वहाणा घालून जायचं नाही असा तेव्हाचा रिवाज, आणि पुढे रिवाज गेला तरी त्यांची सवय गेली नाही.

"पुट्टमादाला सांगू का?" हे विचारत होते. "त्याने माझ्या शब्दावर देवाची वहाण माझ्या बापाच्या मापाने कापली. दोन वर्षं देव अनवाणी फिरणार, माझ्यामुळे."

देव मामंजींच्या रूपात आला, की मामंजीच आले, मला तरी काय ठाऊक? माझंही डोकं चालेना. पण रागच आला, कोणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "नका सांगू. देवाने दोन वर्षं काढली अनवाणी तर काय बिघडतं? मामंजींनी सत्तर काढली."

यांनी खालच्या रानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पट्टा जरा कडक राहिलाय गं. त्याला लागेल." कोणाला, ते मी विचारलं नाही.