भारंभार गूळ

म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं, तहानही नीट लागत नाही, तेव्हा आजी, आठवणीनं पाणी पीत जा, असं माझा डॉक्टर दर खेपेला सांगतो. लहान मुलाच्या अंगात सगळ्यात जास्त पाणी, मग वयाबरोबर ते आटत जातं, म्हणे. मी मान डोलावते. मनात म्हणते, बाबा, पाण्याचं तू मला नको शिकवूस. पाण्यानं माझा भाऊ नेलाय.

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली गोष्ट. महाळुंग्यात तेव्हा कंपनी नावालाही नव्हती. आमचं कांद्याचं रान होतं आणि माल चाकणच्या बाजारात जायचा. धाकटा चार वर्षांचा होता. एका सकाळी उठला तर डोळ्यांच्या पापण्या टम्म. आठवड्याभरात गाल भरले, पोट पुढं आलं. शेजारणी म्हणायच्या, "पोरानं काय बाळसं धरलंय गं! दृष्ट काढ." चुलती रोज मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकायची.

आईला मात्र ते पटेना. धाकट्याच्या चड्डीच्या नाडीचा वळ पोटावर दिवसभर तसाच राहायचा. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. लघवीला साबणासारखा फेस. आईनं वडिलांच्या मागं धोशा लावला आणि शेवटी त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मूत्रपिंडं गळतायत. अंगात राहायचं ते सत्त्व लघवीवाटे जातंय आणि पाणी अंगात साठतंय. मीठ बंद. सर्दी-तापाला जपा. यावर खात्रीचं औषध आमच्याकडं नाही, पण काही पोरं वयाबरोबर यातून निघतात. आणि शेवटी म्हणाले, "याचं वजन उतरलं की पोरगं सुधारतंय असं समजा." वडिलांनी हे ऐकलं. पण कुणाच्या डोक्यात शिरणार हो? वजन उतरलं की पोर सुधारतं, असं कुणाच्या बापजाद्यांनी ऐकलं होतं?

घाबरलेल्या वडिलांनी दवाखान्याच्या दारातच ग्रामदेवाला नवस बोलला. पोर बरं होऊन घरी आलं तर चैत्राच्या यात्रेत त्याच्या भारंभार गूळ वाटीन.

आणि बरं झालं की हो ते! सूज उतरली, फेस गेला. पण सूज उतरल्यावर खाली जे उरलं होतं ते बघून गाव हबकलं. हातापायाच्या काड्या, बरगड्या मोजून घ्याव्यात. "दवाखान्यात उपाशी मारलं व्हय गं लेकराला?" जो तो आईलाच विचारायचा. ती एकटी हरखली होती. त्याच्या नडगीवर बोट दाबून आम्हाला दाखवायची, "बघा, खळगा पडत न्हाई." अळणी भाकरी दुधात कुस्करून घास घास भरवायची. चुलती धुसफुसायची, "सुतक हाय का घरात, आळणी खायाला?" आईची पाठ वळली की ती त्याच्या हातावर लोणच्याची फोड ठेवायची. तिचा जीव होता त्याच्यावर. तोच तर वैताग आहे, सगळ्यांचाच जीव होता.

यात्रा जवळ आली तशी भावकीतली वडीलधारी माणसं ओट्यावर बसली. वडिलांना म्हणाली, "आसं हडकुळं पोर पारड्यात घालून देवाला फशिवतो का? लोक काय म्हंतील? जरा अंगानं भरू दे." वडिलांना ते पटलं. देवाला कमी गूळ देणं म्हणजे खोटं बोलणं, असा त्यांचा हिशोब. मग काय विचारता! खारवलेले दाणे, पापड, सुक्या बोंबलाची चटणी. आई आडवी आली तर वडील खेकसले, "तुला पोराचं चांगलं झालेलं बघवत न्हाई का?" धाकट्याला तर मिठाची चव लागली होती, तो मागून मागून खायचा. आणि तो भरला. गाल आले, पोट आलं, पापण्या जड झाल्या. वडील त्याला खांद्यावर घेऊन गावभर हिंडले. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

यात्रेच्या सकाळी आईनं त्यांच्या वाटेत उभं राहून सांगितलं, "आवं, हे अंग न्हाई. पानी हाय. पुन्याला न्या."

"गप. देवाच्या दिवशी अभद्र बोलू नगंस. उद्या नेतो."

देवळापुढं कांद्याचा मोठा काटा टांगला. एका पारड्यात धाकटा, नवी टोपी घालून. दुसऱ्यात गुळाच्या लहान ढेपा. पारडं हलेना, आणखी एक ढेप आली. हलेना, आणखी एक. दर ढेपेला माणसं "चांगभलं" म्हणून ओरडत होती. धाकटा टाळ्या पिटत होता, हसताना त्याचे डोळे पूर्ण मिटत होते. मीही ओरडत होते, मला काय कळत होतं! आई खांबाला धरून ढसाढसा रडत होती आणि बायका तिला म्हणत होत्या, देव पावला म्हणून रडतेस होय वेडे? सगळ्या गावानं तो गूळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं राहिलं, कारण घर पाहुण्यांनी भरलं होतं. मग त्याला ताप चढला. पोटाला हात लावू देईना, लघवी थेंबभर. गाडी जुंपेपर्यंत त्याची शुद्ध गेली. चाकणच्या अलीकडंच तो गेला.

एवढ्या लहान मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि बापच हातावर घेऊन जातो, तिरडी नसते. बायका घरीच थांबल्या. वडील त्याला ओढ्याकाठी पुरून परत आले ते दारातच खाली बसले. आयुष्यभर कांद्याची पोती पाठीवर वाहिलेला माणूस, त्यांचे दंड थरथरत होते.

"लई जड व्हता गं," ते आईला म्हणाले. "वाटंत खाली ठिवाया लागला."

आईनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. "मंग मी काय सांगत हुते?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. वडील रात्रीपर्यंत तिथंच बसून होते, त्यांना आत या म्हणायला कुणी गेलं नाही.