अण्णांच्या तारेवरच्या निऱ्या

शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक तार बांधलेली होती. तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेले काळे, घड्या पडलेले कागद लोंबत असत आणि प्रत्येक कागदाला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असे. मी त्या बोळात नवीन राहायला आले आणि जुनी मारुती विकत घेऊन पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा मला वाटलं कुणीतरी करपलेले पापड वाळत घातलेत. जवळ जाऊन चिठ्ठ्या वाचल्या. एकीवर होतं, 'बँकवाले साहेब. दीड वर्ष बदललं न्हाय.' दुसरीवर, 'डाळिंबवाले काका, सांगोला. स्वस्तातला. फाटला.' मी वाचत उभी असताना मागून आवाज आला, "बाई, बाजूला व्हा, तेल ठिबकतंय. साडी खराब हुईल."

हे गुरुपादअण्णा. तारेमागच्या गॅरेजचे मालक, मिस्त्री आणि न्यायाधीश. इंजिनातलं तेल ज्या डब्यातून गाळून जातं, त्या ऑइल फिल्टरच्या पोटात घड्या घातलेला कागद असतो. गिऱ्हाइकाच्या गाडीतून निघालेला जुना डबा अण्णा करवतीनं कापत, आतला कागद उलगडून तारेवर टांगत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. कुणाच्या गाडीच्या पोटात काय दडलंय, हे त्यामुळे सगळ्या पेठेला ठाऊक असे. बँकवाले साहेब पुढे वर्षभर दुसऱ्या बोळातून ये-जा करत.

कागदाच्या घड्यांना अण्णा 'निऱ्या' म्हणत. "लुगड्याला निऱ्या कमी पडल्या की बाईमाणसाला पाऊल टाकाय येत न्हाय. तसंच हाय हे. महागातल्या फिल्टरला निऱ्या भरपूर, टोपी पत्र्याची, रबर मऊ. स्वस्तातल्याला निऱ्या मोजून मापून अन् टोपी पुठ्ठ्याची. तेलात भिजला की पुठ्ठा शिऱ्यासारखा हुतोय." मी शाळेत भूगोल शिकवते. यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्गात मुलं माझ्याकडे जशी बघतात तशी मी मान हलवली. अण्णांना ते लगेच कळलं. "उघडून बघा बाई. उघडल्याबिगर कायबी कळत न्हाय," ते म्हणाले आणि माझ्या गाडीचा फिल्टर कापायला घेतला. 'उघडून बघा' हे त्यांचं पालुपद होतं. टरबूज असो, गाडी असो की मुलीसाठी आलेलं स्थळ.

रस्त्याच्या पलीकडे बसवराजचं सुट्या भागांचं दुकान. बसवराज म्हणजे अण्णांच्या बायकोचा, गंगाक्काचा, धाकटा भाऊ. तो स्वस्तातले फिल्टर विकायचा आणि ते खुशाल विकायचा. "आवं बाई, तेल वेळेवर बदला म्हंजे झालं. तेलच गाळायचं हाय, गंगाजळ न्हाय," हे त्याचं म्हणणं. या दोघांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण एका लग्नात नवरदेवाची जीप होटगीच्या रेल्वे फाटकाजवळ बंद पडली आणि फेट्यासकट नवरदेवाला ती ढकलावी लागली. अण्णा म्हणाले, बसवराजनं दिलेल्या फिल्टरनं इंजिन जाम झालं. बसवराज म्हणाला, दाजींनी तेलच कमी घातलं होतं. तेव्हापासून जेवणाचा डबा गंगाक्का दोन्हीकडे सारखाच पाठवायच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि दोघं आपापल्या दुकानात समोरासमोर तोंड करून एकाच वेळी जेवायचे. पण शब्द नाही.

बोलायचंच झालं तर मधे जो सापडेल त्याच्यामार्फत. मी रोज सकाळी तिथूनच गाडी काढून होटगीच्या शाळेला जायची, त्यामुळे ही सेवा बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडे. "बाई, त्याला म्हणावं, तुझी ताडपत्री माझ्या शटरवर आलीया." दहा फुटांवर उभा असलेला बसवराज सगळं ऐकून म्हणायचा, "बाई, त्यांना सांगा, वारं माझ्या बापाचं न्हाय." मी मधे उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत असे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांचा निरोपसुद्धा मी इतक्या निमूटपणे पोचवलेला नाही.

शेवटी गंगाक्काच कंटाळल्या. एका सकाळी डबे घेऊन स्वतः आल्या आणि रस्त्याच्या मध्यावर उभं राहून म्हणाल्या, "दोघांचंबी एकेक फिल्टर दोन गाड्यांना लावा अन् एकदाचं काय ते बघा. माझं डोकं उठलंय." बसवराजची गाडी नेमकी माझ्याच मॉडेलची. ठरलं असं की माझ्या गाडीला अण्णांचा महागडा आणि बसवराजच्या गाडीला त्याचा स्वस्तातला फिल्टर लावायचा. तेल एकाच डब्यातलं. पाच हजार किलोमीटर झाले की दोन्ही फिल्टर सगळ्यांसमोर कापायचे. निवाडा करायचा मी. "बाई पेपर तपासत्यात, त्यांना सवय हाय," अण्णा म्हणाले. आणि वर पैज जाहीर केली, "माझा हरला तर मी तार काढून टाकीन. जल्मात पुन्यांदा कुणाचा फिल्टर टांगनार न्हाय."

ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. ती तार म्हणजे अण्णांची अब्रू होती. पेठेत त्यांचा शब्द चालायचा तो तिच्या जोरावर.

पुढचे काही महिने माझे हाल झाले. बोळातून जाताना पानवाल्यापासून पिठाच्या गिरणीवालीपर्यंत सगळे विचारायचे, "बाई, कितवा?" घरी आलेल्या पाहुणीनं एकदा हे ऐकलं आणि माझ्या वयाकडे पाहून तिला ठसकाच लागला. मग मला किलोमीटरचं सगळं प्रकरण सांगावं लागलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी काढली नाही तर अण्णा दारात हजर. "बाई, जरा अक्कलकोटाला जाऊन या की. दर्शनबी हुईल, किलोमीटरबी हुतील." बसवराज तर सांगोल्याला माल पोचवून परत येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायचा.

अण्णांची आणखी एक सवय होती. रोज सकाळी मी गाडी सुरू करताना ते बॉनेटला कान लावून उभे राहत. चांगला फिल्टर रात्रभर तेल धरून ठेवतो, त्यामुळे इंजिन सुरू होताना खडखडत नाही, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. तिसऱ्या महिन्यापासून माझी गाडी रोज दोन-तीन सेकंद खडखडायला लागली. भूगोलाच्या बाईलाही ऐकू येईल इतकी. मी अण्णांकडे पाहिलं. ते कान काढून घेत म्हणाले, "काय न्हाय. थंडीचे दिस हायत, घसा धरलाय तिचा." समोरून बसवराज हसला नाही, हे मला तेव्हा विशेष वाटलं. तोही कान देऊन ऐकत होता.

अखेर दोन्ही गाड्यांचे किलोमीटर भरले. रविवारी सकाळी गॅरेजसमोर निम्मी पेठ जमली. आधी बसवराजचा डबा कापला. कागद काळा, पण धड होता. मी निऱ्या मोजल्या, बावन्न. अण्णा म्हणाले, "बावन्न म्हंजे गरिबाच्या मानानं बरं हाय." मग माझ्या गाडीतला फिल्टर. अण्णांनी तो कापला, टोपी उचलली आणि त्यांचा हात थांबला. टोपी पुठ्ठ्याची होती. कागदाचा जोड एका बाजूनं सुटला होता. रबर नखासारखं कडक. मी मोजायला सुरुवात केली आणि माझाच आवाज बारीक होत गेला. चव्वेचाळीस.

"चुकलं आसंल. थांबा," अण्णा म्हणाले आणि स्वतः मोजायला बसले, कन्नडमधून. ओंदु, एरडु, मूरु... कानडीतही चव्वेचाळीसच भरल्या. गर्दीतून कुणीतरी हसलं. अण्णा उठले, स्टूल घेतलं आणि तारेची गाठ सोडायला चढले. त्यांची बोटं तेलकट होती, गाठ सुटेना. मला फार वाईट वाटलं. असा निवाडा करायला मी कशाला बसले, असं झालं.

आता बसवराज काय बोलतो याकडे सगळ्यांचे कान लागले होते. नऊ वर्षं त्यानं याच दिवसाची वाट पाहिली होती. तो गॅरेजमध्ये शिरला, फळीवरून त्या महागड्या फिल्टरचं खोकं उचललं, उजेडात धरलं, अंगठ्यानं छपाई घासली. शाई अंगठ्याला लागली. नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळून तो म्हणाला, "बाई, त्यांना सांगा..." आणि मधेच थांबला. मग स्टुलावरच्या अण्णांकडे मान वर करून सरळ म्हणाला, "दाजी, खाली उतरा. तुमी हरला न्हाय. डुप्लिकेट माल हाय ह्यो. तुमाला कुनीतरी फसवलंय."

अण्णा स्टुलावरच उभे राहिले. मग सावकाश उतरले आणि फळीवरची पेटीच खाली घेतली. मोटारसायकलवरून येणाऱ्या एका नव्या एजंटाकडून ते वर्षभर त्या पेट्या घेत होते. त्यांनी एक कोरा फिल्टर कापला. चव्वेचाळीस. दुसरा कापला. बसवराज डबा धरायचा, अण्णा करवत चालवायचे. सहावा कापल्यावर बसवराजनं त्यांचा हात धरला, "पुरे की दाजी." अण्णा खाली बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मी साऱ्या गावाचं उघडून बघितलं. माझं कदी उघडलंच न्हाय. माझ्या दुकानातनं लावलेला फिल्टर जुना झाला की तसाच भंगारात टाकत हुतो. घरच्या मानसाची झडती कशी घ्यायची, म्हनत हुतो."

ही चूक मला नवी नव्हती. दरवर्षी पेपर तपासताना मी स्वतःच लिहिलेली नमुना उत्तरपत्रिका समोर ठेवते आणि ती कधी पडताळत नाही. फक्त माझी तार कुणाला दिसत नाही.

पुढचे दोन महिने साले-मेहुणे स्कूटरवर. पुढे अण्णा, मागे मांडीवर खऱ्या फिल्टरांची पिशवी आणि तेलाचा कॅन घेऊन बसवराज. वर्षभरात ज्यांच्या ज्यांच्या गाडीला तो फिल्टर लावला, त्या प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी तो फुकट बदलून दिला. गंमत म्हणजे लोकच तयार होईनात. सांगोल्याचे डाळिंबवाले काका म्हणाले, "चालतीया की गाडी, कशाला उगं उचकताय?" अण्णा त्यांच्या दारात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बदलू द्या. न्हायतर मी हितंच राहतो. जेवनबी तुमच्याकडंच." काकांनी मुकाट्यानं किल्ली दिली. बँकवाले साहेब मात्र आपणहून आले, आपल्याच बोळातून, छाती काढून.

तार राहिली. कारण बसवराजनं ती काढू दिली नाही. अण्णांनी माझ्या गाडीतला तो चव्वेचाळीस निऱ्यांचा कागद तारेच्या बरोबर मध्यावर टांगला आणि खाली चिठ्ठी बांधली, 'गुरुपाद. स्वतःचा. बघितला न्हाय.' त्यानंतर नवी पेटी आली की पहिला फिल्टर गिऱ्हाइकासमोर कापायचा, असा गॅरेजचा रिवाज पडला. एक नवा कोरा फिल्टर वाया जाई. अण्णांना त्याचं काहीच वाटत नसे.

पुढे त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात हृदयाच्या नळीत स्टेंट बसवायचं ठरलं. मी भेटायला गेले तर ते डॉक्टरांना विचारत होते, "ह्यात स्वस्तातला अन् महागातला असं हाय का?" डॉक्टर गोंधळले. खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला बसवराज म्हणाला, "महागातलाच हाय दाजी. खोकं बघून घेतलंय मी." अण्णा खूश झाले. "पन उघडून बघितला का?" ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो स्टेंट चांगला निघाला. अण्णा त्यानंतर दोन वर्षं मजेत जगले आणि गेल्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून गॅरेजमधल्या बाकड्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आता दोन्ही दुकानं बसवराज बघतो. परवा तेल बदलायला गेले होते. तारेवरचे बाकी कागद बदललेत, मधला मात्र तोच आहे. उन्हानं विटलाय, चिठ्ठीवरची अक्षरं पुसट झालीत. मी म्हटलं, "बसवराज, हा मला द्या. आठवण म्हणून घरी ठेवीन."

त्यानं चिमटा जरा घट्ट केला. "न्हाय बाई. दुसरं कायबी मागा," तो म्हणाला. "त्यो वाचल्याबिगर मी सकाळी शटर उचलत न्हाय."