वर्दाचा दूधचोर

गोठ्याची कडी लावून खल्फान थोडा पुढे जायचा, थांबायचा, परत यायचा आणि कडी ओढून पाहायचा. रोज. हात कडीला, डोळे मात्र शेजारच्या झाहिरच्या भिंतीकडे. निझवा शहरातल्या शाळेच्या फाटकावर राखण करण्यात त्याची हयात गेली. आता राखायला शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

त्यातल्या तांबूस वर्दाचं सकाळचं दूध कमी भरू लागलं. खल्फानने गोठ्यात कॅमेरा बसवला. तो पहाटेच्या नमाजाला गेला की कुणीतरी आत येत होतं. चित्र करडं, मुंग्या आल्यासारखं. चेहऱ्याच्या जागी चुना फासल्यासारखा डाग. पण अंगातला पायघोळ पांढरा झगा स्पष्ट दिसत होता. म्हणजे पुरुषच. बायका दाराबाहेर पडताना काळा अबाया चढवतात.

"झाहिर," खल्फान म्हणाला. "हल्ली नमाजाला उशिरा येतो. बाह्या ओल्या असतात."

"कोपरापर्यंत हात धुऊन वजू केल्यावर तुमच्या कोरड्या राहतात वाटतं?" गनीमाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"माझ्या बाह्यांना दुधाचा वास येत नाही."

"अगोबाई, हुंगून आलात?"

"सलाम करायला जवळ आला तो. नाक काय घरी ठेवून जाऊ?"

गनीमा हसली नाही. कॉफीच्या भांड्याखालचा जाळ उगाच कमी करत राहिली.

त्यांच्या जुवैनाचं झाहिरच्या धाकट्याशी ठरलं होतं. शुक्रवारच्या नमाजानंतर जाऊन मोडून यायचं, असं खल्फानने जाहीर केलं. शेळी चोरून पिळणाऱ्या घरात मुलगी द्यायची नव्हती त्याला. जुवैना मुलींच्या शाळेत शिकवायची, बोलायची थोडं.

"आधी चेहरा दिसू दे, बाबा," ती म्हणाली. "तेच निघाले तर मीच मोडते."

गुरुवारी दिवेलागणीला, बाहेरून आली तशीच, ती कॅमेरा पुसायला गोठ्यात शिरली. खल्फान ओसरीवर खजूर खात फोनवर कॅमेऱ्याचं चित्र बघत होता. गोठ्यात पांढरा झगा! त्याने काठी उचलली.

"सापडलास! झाहिर, ये बाहेर!"

बाहेर आली जुवैना. काळ्या अबायात, बोटाला कोळिष्टक गुंडाळलेलं.

"मी आहे, बाबा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. जुवैनाने फोन घेतला, चित्र मागे नेलं आणि स्वतःलाच पांढऱ्या झग्यात पाहिलं. तिला उमगायला वेळ लागला नाही.

"अंधार झाला की कॅमेरा स्वतःचा उजेड टाकतो. आपल्याला तो दिसत नाही. त्या उजेडात हे काळं कापड पांढरं उमटतं."

"आणि पांढरं? काळं होतं का?"

"पांढरं पांढरंच राहतं."

"म्हणजे झाहिर अजून सुटला नाही," खल्फान म्हणाला. काठी त्याने खाली ठेवली नाही.

जुवैनाने कॅमेऱ्याचा तो उजेड बंद केला आणि गोठ्याच्या तोंडाशी पिवळा दिवा टांगला. शटर थोडं धिमं केलं, म्हणजे भिंगात उजेड जास्त शिरेल. फार केलं असतं तर हलणारं माणूस पुसट झालं असतं. शेवटी चित्रातल्या मुंग्या निवळेपर्यंत आकडे वरखाली करत राहिली. हे सगळं करताना आई एकदाही बाहेर डोकावली नाही, हे तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी सकाळी खल्फान फोन घेऊन बसला. रंग आले होते. वर्दा तांबूस, किटली हिरवी, अबाया काळा. वर्दाच्या पाठीवर थोपटून बाईने मान वर केली, आणि चेहरा गनीमाचा होता.

गनीमाच्या हातातली कॉफीची धार थांबली.

"झाहिरची थोरली सून बाळंत झालीय," ती म्हणाली. "रया गेलीय पोरीची, आणि त्यांची शेळी आटलेली. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही आधी विचारलं असतं की त्यांची शेळी आटलीच कशी."

"कशी आटली?" खल्फानने विचारलं.

जुवैनाला हसू आवरेना. मग तो दुपारी झाहिरच्या दाराशी बराच वेळ उभा राहिलेला दिसला, तेव्हा तिचं हसू विरलं. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "नातू रात्रभर रडतो त्याचा. म्हणून उशीर होतो म्हणे." त्या "म्हणे"वर तिचं लग्न तरलं.

त्यानंतर किटली राजरोस जाऊ लागली. खल्फानने कधी माफी मागितली नाही. दिवाही काढला नाही. गनीमा किटली किती भरते, हे तो रोज सकाळी फोनवर बघायचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो तापाने अंथरुणाला खिळला, तेव्हा जुवैना सासरहून, म्हणजे भिंतीपलीकडून, येऊन बसायची. एका दुपारी त्याने डोळे मिटूनच विचारलं, कडी लावलीस का. लावली. ओढून पाहिलीस? पाहिली.

तो भिंतीकडे कुशीवर वळला. मग म्हणाला, "दूध पोचतं ना गं तिकडे? लक्ष ठेव. वाटेत कुणीतरी पाणी घालतं."