फेर्नां कोलिनेचा दिवाणखाना

फेर्नां कोलिनेने आयुष्यभर दुकानात बिजागऱ्या आणि स्क्रू विकले, पण स्वतःच्या हाताने एकही बिजागरी कधी बसवली नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही आमच्या कालव्यावरच्या बंदरात सुतारकामावर सर्वांत जास्त तोच बोलायचा. कुणी बोटीवर फळी ठोकायला घेतली की हा खिशात हात घालून शेजारी हजर. "पितळी लावा, लोखंडी गंजेल." सल्ला चोख असायचा. फळी धरायची वेळ आली की मात्र साहेबांची कंबर धरायची.

निवृत्तीनंतर त्याने एक जुनी मालवाहू बोट घेतली. पूर्वी गहू वाहणारी, लांबलचक, पोटात नुसतं रिकामं कोठार. त्या कोठारात तो दिवाणखाना बांधणार होता. ओकच्या लाकडाच्या भिंती, कोपऱ्यात शेगडी, खिडकीखाली पुस्तकांचं कपाट. पहिल्या हिवाळ्यात त्याने याचं वर्णन इतकं रंगवून केलं की मंडळींना दिवाणखाना तयारच आहे असं वाटलं, आणि तो अजून बांधायचा आहे एवढं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात सांगायला फार उशीर झाला होता. कुणी आत यायचं म्हटलं की तो म्हणे, "आज नको, वॉर्निश ओलं आहे." ते वॉर्निश सहा हिवाळे वाळत होतं.

प्रत्यक्षात कोठाराच्या मधोमध फेर्नांने एक तंबू ठोकला होता. अख्खं कोठार तापवायचं तर जंगल जाळावं लागलं असतं. तंबूचं एका लहानशा हीटरवर भागायचं. आत शिरताना तो गुडघ्यांवर येऊन स्वतःलाच म्हणे, "या कप्तान, आपल्या महालात या." हसू यायचं, आणि मग एकट्याने हसल्याचं वाईट वाटायचं.

थंडीत कालव्याची दारं दुरुस्तीसाठी बंद होतात आणि बंदरातलं कुणी कुठे जात नाही. बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या. बाहेरच्या बोटीवाल्याने धक्क्यावर जायचं ते आतल्या बोटीच्या नाकाडावरून. फेर्नांची वाट जिनेतच्या बोटीवरून होती. जिनेतने नवऱ्याबरोबर आयुष्यभर कालव्यांवर वाळू वाहिली होती. नवरा गेला, ती बोटीवरच राहिली. फेर्नां डेकवरून जाताना तिची खिडकी उघडायची.

"कोलिनेसाहेब, वाळलं का?"

"हवा दमट आहे हो, जिनेतबाई."

या सगळ्या मंडळींचा आठवडा रविवारसाठी असायचा. जानेवारीत तर दर रविवारी राजाचा केक. बदामाचं सारण भरलेला पापुद्र्यांचा गोल केक, आणि सारणात लपवलेली चिनीमातीची इवलीशी मूर्ती. ती ज्याच्या वाट्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, आणि पुढच्या रविवारी सगळे त्याच्या बोटीवर. कुठला तुकडा कुणाचा हे सर्वांत लहानाने टेबलाखाली बसून ओरडायचं असतं. आमच्यातला सर्वांत लहान लोईक, त्याचीही साठी जवळ आलेली. तो कण्हत खाली शिरायचा आणि बाहेर काढायला दोघे लागायचे.

फेर्नांकडे राजेपण याआधी दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा त्याने ते गिळलं. एकदा मेंढपाळ, एकदा गाय. सफरचंदाच्या दारूचा मोठा घोट घेऊन, चेहऱ्यावर अगदी संताचा भाव आणून. "बेकरीवाला विसरला वाटतं," असंही वर म्हणाला. राजाला घरी घेऊन जाण्याची ही त्याची पद्धत होती. कारण मूर्ती निघाल्याचं कबूल केलं तर सगळे आत येणार, तंबू बघणार, आणि मग कुठल्या तोंडाने तो त्यांच्या टेबलांवर बसणार? रविवार गेला तर त्याच्याकडे उरत होते फक्त बाकीचे दिवस.

यंदा मूर्ती उंटाची होती. आधीच्या दोन मूर्तींसारखी नाजूक नाही, चांगली कुबडासकट. फेर्नांने ती गिळायचा दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज आला आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"दात की मूर्ती?" आन्सेल्मने विचारलं. हा आन्सेल्म कालव्याच्या दारांवर नोकरी करून निवृत्त झालेला, कुणालाही न सोडणारा.

फेर्नांने तळहातावर उंट आणि अर्धा दात काढून ठेवला.

"घ्या," आन्सेल्म म्हणाला, "राजा बोळका झाला. मुकुट आणा रे."

जिनेतने मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. "आता तर वाळलंच असेल," ती म्हणाली.

पळून जाण्याचा विचार त्याने केला नाही असं नाही. पण कालवा बंद होता, आणि इंजिन शेवटचं कधी चालू झालं होतं ते आठवत नव्हतं. मग त्याने ठरवलं, आठवड्याभरात दिवाणखाना बांधायचा. आठवड्याच्या शेवटी एक दार झालं. नुसतं दार, चौकटीसकट, कोठारात उभं. भिंत त्याला नव्हती. पण बिजागऱ्या पितळी होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतः बसवल्या होत्या. फेर्नां त्या दारातून बराच वेळ आत-बाहेर करत राहिला. मग त्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळेना, तेव्हा थांबला.

रविवारी मंडळी एकेक करून शिडी उतरली. समोर मोकळं कोठार, मधोमध तंबू, आणि कशालाही न जोडलेलं एक सुंदर दार. आन्सेल्म दाराला वळसा घालून पलीकडे गेला आणि परत आला.

"फेर्नां, भिंती कुठे गेल्या रे?"

फेर्नांने खरं सांगायला तोंड उघडलं, पण तोंडाला जुनी सवय. "ही काय, ओकची," तो हवेत हात फिरवत म्हणाला. "इथे शेगडी. सांभाळ, कपाटावर डोकं आपटशील."

आन्सेल्मने डोकं वाकवलं. "गालिचा छान आहे," म्हणत लोईकने बूट काढले. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने फेर्नां हसला. निभावलं, असं त्याला वाटलं.

जिनेत शेवटी उतरली. ती दार उघडून आत आली आणि मागे दार लावून घेतलं. अंगातला कोट काढला. "कोट कुठे टांगू?"

"तिथेच, दाराजवळच्या खुंटीवर."

तिने हात वर नेऊन कोट नीट टांगला आणि सोडला. कोट लोखंडी तळावर पडला.

आता कुणी हसलं नाही. फेर्नां त्या कोटाकडे बघत राहिला. त्याला इतकी लाज वाटली की त्या लाजेपुढे थट्टाही उभी राहीना.

"खुंटी नाही, जिनेतबाई," तो म्हणाला. "काहीच नाही. कधी नव्हतंच. मी नुसता बोलत होतो. तुमच्याकडे खात होतो आणि इथे येऊन दार लावत होतो. उद्यापासून मला बोलावलं नाहीत तरी चालेल. म्हणजे चालणार नाही. पण मी समजेन."

जिनेत हात छातीशी घट्ट धरून उभी होती. सहा हिवाळे तिने त्याला अहो-जाहो केलं होतं.

"मग उचल तो कोट, फेर्नां," ती म्हणाली, "आणि माझ्या खांद्यावर घाल. थंडी वाजतेय मला."