चौघांना सारखे मार्क

सुपडूभाऊ गेल्याची बातमी मला एका उमेदवाराने सांगितली, आणि त्याच दमात माझं मत मागितलं. सकाळची वेळ, मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. फाटकातून सात-आठ जण आत आले. पुढच्याने हात जोडले, चेहरा आधी पाडला, मग हसरा केला आणि गुजरातीत म्हणाला, "मास्तरसाहेब, सुपडूभाई काले ऑफ थई गया. बहु सारा माणस हता. आ वखते ध्यान राखजो, आपणुं निशान पतंग." कसे गेले, असं मी विचारलं तर त्याला ते ठाऊक नव्हतं. मागच्या एकाने सांगितलं, छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मग त्यांनी माझ्या पेपरवर पतंगाचं पत्रक ठेवलं आणि ते शेजारी गेले. शेजाऱ्यांकडेही तोच चेहरा पडला आणि तोच हसरा झाला, हे मला ओसरीवरून दिसत होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. पंचायतीची निवडणूकही उरकली. चौकात सुपडूभाऊंच्या श्रद्धांजलीचे तीन फळे लागले होते, तीन आघाड्यांचे तीन. दोन फळ्यांवर नाव चुकलेलं होतं, आणि तिसऱ्यावर त्यांच्या नावापेक्षा आघाडीच्या अध्यक्षाचं नाव मोठं होतं. ज्या माणसाला जिवंतपणी कुणी खुर्ची दिली नाही, त्याच्या मरणावर तिघांनी हक्क सांगितला. म्हटलं, आपणच काहीतरी लिहावं. निदान नाव तरी बरोबर येईल.

मी रत्नागिरीकडचा. ऐंशीच्या सुमारास मराठी शाळेतल्या नोकरीसाठी सिल्वासाला आलो आणि शेजारच्या सामरवरणीत भाड्याने राहिलो. सुपडूभाऊ शिंदखेड्याकडचे, एका प्लास्टिकच्या कारखान्यात फिटर. माझ्या घरामागे कामगारांची चाळ होती, तिथे ते बायको आणि मुलगी छाया यांच्यासह एका खोलीत राहायचे. अख्ख्या चाळीला एकच हातपंप, आणि त्याचं पाणी गंजाने पिवळं. प्यायचं पाणी रस्त्यापलीकडच्या शेठच्या वाडीतल्या विहिरीवरून आणावं लागे. शेठ हंड्यामागे पैसे घ्यायचा, आणि सकाळी मर्जी होईल तेव्हा फाटक उघडायचा आणि मर्जी होईल तेव्हा लावायचा. बायका-मुली हंडे घेऊन फाटकाशी उभ्या असत. माझ्या घरमालकाची स्वतःची विहीर होती, मोटारीने पाणी थेट मोरीत यायचं. त्यामुळे पाणी हा विषय मला भूगोलात शिकवण्यापुरताच माहीत होता.

छाया माझ्या वर्गात होती. गणितात तिच्यासारखी मुलगी मी पुढे कधी पाहिली नाही. पण आठवड्यातून तीनदा उशीर. "आल्या महाराणी!" असं म्हणून मी तिला दाराबाहेर उभी करायचो. वर्ग हसायचा, मलाही बरं वाटायचं. आम्ही कोकणातली माणसं, जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. एकदा पहिली पाळी संपवून सुपडूभाऊ शाळेत आले. अंगात कारखान्याचे कपडे, हातात टोपी. म्हणाले, "गुरुजी, पोरगी उशिरा येते ते पान्यापायी. शेठ फाटकच उघडत नाही तर ती काय करीन? तिले उभी करा, पन वर्गाच्या आत उभी करा. फळा दिसला पायजे." त्या दिवसापासून मी तिला आत उभी करू लागलो. याला मी तेव्हा माझा मोठेपणा समजत होतो.

आता आमच्या निवडणुकांविषयी. देशातले मोठे पक्ष आमच्या पंचायतीपर्यंत पोचेस्तोवर दमून जात. इथे राज्य होतं ते आघाड्यांचं, मंडळांचं आणि पॅनलांचं. निवडणूक महिन्यावर आली की पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशा त्या उगवायच्या. प्रत्येकाच्या नावात 'विकास', प्रत्येकाच्या पत्रकावर उगवता सूर्य, आणि प्रत्येकाचा जाहीरनामा एकाच छापखान्यात, एकाच मजकुरावर नुसतं नाव बदलून छापलेला. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्याकडे दारूच्या दुकानांना बरकत. त्यांतल्या दोन दुकानदारांनी दोन आघाड्या काढल्या होत्या. तिसरी विहिरीवाल्या शेठची. चौथी या तिघांवर रुसलेल्यांची. सकाळी एका मांडवात हार घालून घेणारा माणूस दुपारी दुसऱ्या मांडवात जेवायचा, आणि त्याला कुणी नावं ठेवायचं नाही, कारण नावं ठेवणारेही तिथेच पंगतीला असत. 'उडदामाजी काळे गोरे, काय निवडावे निवडणारे' हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा म्हणायचो की शिपाईसुद्धा माझ्याआधी ते पुरं करायचा.

अशा त्या वर्षी सुपडूभाऊ उभे राहिले, आणि तेही एका दारू दुकानदाराच्या पॅनलकडून. निशाणी कपबशी. मला ते सहन झालं नाही. ज्या माणसाने आयुष्यात विडी ओढली नाही, तो त्या मांडवात! मी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि म्हटलं, "भाऊ, तुम्हीसुद्धा? लाज कशी वाटत नाही?"

ते रागावले नाहीत. "गुरुजी, मले चाळीले नळ पायजे," ते म्हणाले. "मांडव कोनाचा बी असो. शेठ निवडून आला तर तो सोताच्या विहिरीवरचं गिऱ्हाईक कमी करीन का? एकट्याले कोन इचारतं? दगडापरीस ईट मऊ."

मी म्हटलं, "वीट असो की दगड, डोक्यात पडला की सारखंच." फार छान बोललो असं मला वाटलं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर सुपडूभाऊंसह आठ-दहा जण होते. कुणीतरी विचारलं, "मास्तर, उद्या कुणाला?" मी मोठ्याने म्हणालो, "चौघांनाही सारखे मार्क. कुणाचं मन दुखवायचं नाही." सगळे हसले. सुपडूभाऊही हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली.

ती थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी मतपत्रिका घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो आणि चारही निशाण्यांवर चार शिक्के मारले. माझ्या सवयीप्रमाणे प्रत्येक शिक्का चौकटीच्या बरोबर मध्यभागी. शाई पुसली जाऊ नये म्हणून फुंकर घालून वाळवली आणि घडी घालून पेटीत टाकली. बाहेर आलो तेव्हा या सगळ्या भंपक लोकांना एकट्याने चपराक दिल्यासारखं मला वाटत होतं.

मतमोजणीला आम्ही शिक्षकच असायचो. स्वतःच्या वॉर्डाच्या टेबलावर कुणाला बसवत नसत, पण आमच्या वॉर्डाच्या टेबलावरचा एक शिक्षक आजारी पडला आणि ऐनवेळी मला तिथे बसवलं. समोर दोरीपलीकडे चारही उमेदवार वाकून पाहत होते. शेठची छत्री आणि सुपडूभाऊंची कपबशी, दोन्ही गठ्ठे बरोबरीने वाढत होते. तेवढ्यात माझ्या हाताने माझीच मतपत्रिका उलगडली. नियमाप्रमाणे ती उमेदवारांना दाखवावी लागते. मी ती उंच धरली. चार सुबक शिक्के, एका ओळीत... मोजणीवरचे साहेब म्हणाले, "हा कोण हुशार?" हॉलभर हशा पिकला. शेठ हसला, बाकीचे दोघे हसले. मीही हसलो. सुपडूभाऊंनी त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी कागद बादच्या ढिगात ठेवला.

शेवटी शेठला आणि सुपडूभाऊंना सारखीच मतं पडली. फेरमोजणी झाली, तरी तेच. मग साहेबांनी दोन चिठ्ठ्या केल्या, शिपायाच्या जेवणाच्या डब्यात टाकून हलवल्या आणि एक उचलली. छत्री निघाली. बाहेर फटाके वाजले. सुपडूभाऊंच्या पॅनलचा मालक त्यांच्याशी एक शब्दही न बोलता शेठला हार घालायला धावला. पुढच्या आठवड्यात ते पॅनल शेठच्या आघाडीत विलीन झालं. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "बघा, सांगितलं नव्हतं?" माझं म्हणणं खरं ठरलं याचा मला आनंद झाला होता.

नळाची लाइन आली, पण ती शेठच्या गाळ्यांपर्यंत. चाळीपर्यंत नाही. त्या वर्षी चाळीत कावीळ झाली. छाया महिनाभर अंथरुणावर होती. पुढच्या पावसाळ्यात तिला आणि वहिनींना, दोघींनाही झाली. तेव्हा सुपडूभाऊंनी दोघींना गावी पाठवायचं ठरवलं आणि ते दाखला न्यायला शाळेत आले. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. सातवी अर्धी सोडून गेलेली मुलगी तिथे काय करणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. दाखला मीच लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. सुपडूभाऊंनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तुमचं काम लई नीटस असतं, गुरुजी." मी शिक्का खणात ठेवला आणि खण लावला. सोळाव्या वर्षी छायाचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

मायलेकी गावी गेल्या त्यानंतरची चौदा वर्षं सुपडूभाऊ त्या खोलीत बहुतेक एकटेच राहिले. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. पण पंचायतीची असो की लोकसभेची, दर निवडणुकीला सकाळी साडेसात वाजता ते धुतलेला सदरा घालून माझ्या फाटकाशी यायचे. "चला गुरुजी." आम्ही दोघं केंद्रावर जायचो, मत द्यायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. कुणाला दिलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आघाड्यांना मी वाटेत शिव्या घालायचो, ते ऐकून घ्यायचे. मला वाटे, ते असेच सगळ्यांना घेऊन जात असतील. चाळीत विचारलं तेव्हा कळलं, ते माझ्याशिवाय कुणाकडेच जात नव्हते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी चहा पिताना माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, ते बाद झालेलं मत माझं होतं."

"मले तव्हाच समजलं," ते म्हणाले. "शिक्का बराबर मधोमध. इतकं नीटस दुसरं कोन करीन?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय पानी येनार व्हतं?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुमच्यासारख्या शिकेल मानसाचं मत वाया जाऊ नाही, म्हनून मी येतो. दुसरं काही नाही."

चाळीला पाणी आलं ते नंतर, आणि ते कुठल्याही आघाडीने आणलं नाही. शेजारी फ्लॅटच्या इमारती उठल्या, त्यांच्यासाठी टाकलेली लाइन चाळीवरून गेली म्हणून नळ मिळाला. त्याचं श्रेय मात्र चारही आघाड्यांनी घेतलं. चार उद्घाटनं झाली, एकाच नळाची.

यंदा मतदानाच्या दिवशी मी आंघोळ उरकून बसलो होतो. जायचं नाही असं ठरवलं होतं. साडेसातला फाटक वाजलं. छाया उभी होती. वडिलांच्या दिवसांसाठी गावाहून आली होती, त्या संध्याकाळच्या एसटीने परत जाणार होती. सत्तावीस वर्षांची बाई, पण मला वर्गाबाहेर उभी केलेलीच दिसली. म्हणाली, "चला गुरुजी. बाबा सांगून ठेवायचे, मी नसलो तर गुरुजींना मताला कोनी तरी घेऊन जा."

"कशासाठी, ते सांगितलं होतं का?"

"नाही. मीबी विचारलं नाही."

वाटेत ती तिच्या किराणा दुकानाबद्दल बोलत होती. म्हणाली, "तुम्ही मला उभी करायचे ना, तेव्हा वहीत लिहिता यायचं नाही. सगळी गणितं तोंडी करायची सवय लागली. गिऱ्हाइकाचा हिशोब अजून तोंडीच करते." हे ती हसत सांगत होती. मी केंद्रात गेलो आणि एकच शिक्का मारला. ज्याच्यावर मारला तोही धुतल्या तांदळाचा नाही, पण असो. परतताना दोनदा बोलायला तोंड उघडलं. जन्मभर ज्याची जीभ थांबली नाही, त्या माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. फाटकाशी तिने वाकून नमस्कार केला आणि मी तो घेतला...

दुकानात हा पेपर रोज येतो, रविवारची पुरवणी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, असं ती सांगत होती. म्हणून हे इथे लिहिलं. छाया, तुझे बाबा एका मताने निवडून आले असते. ते मत माझं होतं.