खराट्याच्या काडीवरची कळलावी

धायरीच्या टेकडीवरून कळलावीचा कंद आम्ही मे महिन्यात उकरून आणला. पुढच्याच आठवड्यात तिथे आयटीवाल्यांच्या इमारतींसाठी खोदकाम सुरू झालं.

फूल आईला गौरीसाठी हवं होतं. तिच्या कोकणातल्या माहेरी याच फुलांची गौर असे. पुण्यातही ती दरवर्षी टेकडीवरून फुलं आणायची.

हा कंद दोन बोटं जोडल्यासारखा असतो आणि कोंब फक्त बोटांच्या टोकांतून फुटतो. कंद विषारी असल्यामुळे वडिलांनी हाताला पिशव्या बांधून गॅलरीतली कुंडी भरली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, कळलावी घरात लावत नाहीत. भांडणं होतात."

"लावली नव्हती तेव्हा काय कमी होत होती?" वडील म्हणाले.

जूनमध्ये एक कोंब आला. वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. फायलींच्या नाडीने ते वेल जाड बांबूला बांधत, रोज एक गाठ वर. जुलैत गाठ ओढताना शेंडा तुटला. वडील दोन दिवस गॅलरीत गेले नाहीत.

आठवड्याभराने कंदाच्या दुसऱ्या टोकाचा कोंब मातीवर आला. वडील नाडी घेऊन आले, तोवर आईने बांबू उपटला होता.

"याला बांधायचं नसतं. पानाच्या टोकाने धरतो तो. फक्त बारीक काहीतरी द्यायचं."

"मग आधी सांगायचं!"

"विचारलंत कधी?"

तिने कुंडीत खराट्याच्या काड्या खोचल्या. पानाचं निमुळतं टोक काडीला टेकलं, की हळूहळू वळू लागे. तिसऱ्या दिवशी त्याचे दोन वेढे पडलेले असत. वडील रोज सकाळी चष्मा लावून नवे वेढे पाहत आणि आईला हाक मारत.

गौरी आल्या त्या दिवशी वेलावर एकच कळी होती, हिरवी, मान खाली घातलेली. आईने गौर त्या वर्षी गॅलरीत, कुंडीला लागून बसवली.

पूजनाच्या सकाळी कळी उमलली. पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहिल्या.

"कात्री देऊ का?" वडिलांनी विचारलं.

"नको, राहू दे वेलावरच."

विसर्जनाच्या दिवशी पाकळ्या टोकांकडून निम्म्या तांबड्या झाल्या होत्या. खाली अजून पिवळ्या होत्या.